स्पालान्झानी: बंद कुपी आणि बेडकाची अंडी

अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या निसर्गअभ्यासकांना दोन गोष्टींचे कोडे पडले होते. पाण्यात भिजत घातलेल्या धान्यात चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव दिसत. ते कुठून येतात? आणि प्राण्याचे पिल्लू घडते ते नेमके कशापासून? आज पहिला प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राकडे जाईल, दुसरा प्रजननशास्त्राकडे. तेव्हा ही वाटणी झालेली नव्हती. दोन्हींच्या मुळाशी एकच वाद होता: जीव नव्याने घडतो की आधीपासून असलेला जीवच फक्त वाढीला लागतो? लाझारो स्पालान्झानी या इटालियन पाद्र्याने दोन्ही प्रश्नांवर आयुष्यभर प्रयोग केले. जीव नव्याने घडत नाही, हे त्यांनी मनाशी जवळजवळ आधीच ठरवले होते. या एकाच समजुतीने त्यांना सूक्ष्मजीवांच्या बाबतीत बरोबर उत्तरापर्यंत नेले आणि फलनाच्या बाबतीत, उत्तर हातात आलेले असताना, ते टाकून द्यायला लावले.

वादाला शंभर वर्षांची पार्श्वभूमी होती. सडक्या मांसात आपोआप अळ्या होतात ही जुनी समजूत फ्रान्सेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मोडून काढली. मांसावर झाकण घातले की माश्यांना अंडी घालता येत नाहीत आणि अळ्याही होत नाहीत, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक यांना आपल्या भिंगांतून पाण्यातले अतिसूक्ष्म जीव दिसले आणि १६७७ मध्ये वीर्यातले शुक्राणूही दिसले. या दोन शोधांनी गुंता वाढला. माशीएवढ्या प्राण्यापुरता रेदींचा युक्तिवाद पटण्यासारखा होता. पण डोळ्याला न दिसणारे हे कण अंडी घालतात, असे कोण म्हणणार? आणि वीर्यात जिवंत प्राणी पोहत असतील, तर पिल्लाचे मूळ अंड्यात की त्यांच्यात? काहींनी शुक्राणूच्या डोक्यात घडीव पिल्लू असल्याचे मानले. बहुतेकांचा कौल मात्र अंड्याकडे होता. अंड्यात पुढचा प्राणी सर्व अवयवांसह लहान रूपात तयारच असतो, वीर्य त्याला केवळ जागे करते, असे हा पूर्वरचनावाद सांगे. जिनिव्हाचे शार्ल बॉने हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. मादी मावा नराशिवाय पिल्ले देते हे त्यांनी १७४० मध्ये स्वतः पाहिले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

स्पालान्झानी यांचा जन्म १२ जानेवारी १७२९ रोजी मोडेनाच्या डचीतल्या स्कान्दियानो या गावी झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावे म्हणून त्याला बोलोन्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांच्या नात्यातल्या लाउरा बास्सी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. स्त्रीने विद्यापीठात अध्यापक असणे हीच त्या काळी अपूर्वाई होती. बास्सी यांच्या सहवासात कायदा मागे पडला आणि गणित व निसर्गविज्ञान पुढे आले. शिक्षण संपल्यावर त्यांनी पाद्र्याची दीक्षा घेतली. ही दीक्षा श्रद्धेपोटी किती आणि चरितार्थासाठी किती, हा प्रश्न चरित्रकारांना नेहमी पडतो. चर्चच्या वेतनाने प्रयोगांना निवांतपणा दिला, एवढे तरी खरे. रेज्जो इथे ग्रीक, तर्कशास्त्र आणि गणित शिकवल्यावर ते मोडेनाला गेले, आणि तिथेच त्यांचा सूक्ष्मजीवांवरचा पहिला ग्रंथ निघाला.

त्याला निमित्त झाले जॉन टर्बरव्हिल नीडम. हे इंग्रज गृहस्थही कॅथलिक पाद्रीच होते. त्यांनी मटणाचा रस्सा विस्तवावरून उतरवल्याबरोबर कुपीत भरला, बूच लावले, बुचाच्या फटी राळेने बुजवल्या आणि कुपी गरम राखेत ठेवली. या उष्णतेने आतले सगळे जीव मेले असणार, असे त्यांनी धरले. काही दिवसांनी रस्सा सूक्ष्म जीवांनी भरलेला निघाला. धान्य आणि बदाम यांच्या काढ्यांतही तेच घडले. पॅरिसमध्ये निसर्गअभ्यासक कॉम्त द ब्युफाँ यांच्याबरोबर केलेल्या निरीक्षणांनंतर १७४८ मध्ये नीडम यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्रत्येक सेंद्रिय पदार्थात एक ‘वानस्पतिक शक्ती’ असते आणि तीच पदार्थ कुजताना नवे जीव घडवते. ब्युफाँ यांनी त्याला आपल्या सेंद्रिय कणांच्या सिद्धांताची जोड दिली. वीर्यातले शुक्राणूही त्यांच्या मते प्राणी नव्हते. ते असे मोकळे फिरणारे कण होते. ब्युफाँ यांच्या नावाचा युरोपात दरारा असल्याने हे मत चांगलेच फैलावले.

स्पालान्झानी यांनी आधी नीडम यांच्या पद्धतीतल्या उणिवा शोधल्या. बूच सच्छिद्र असते. राखेची ऊब सगळीकडे सारखी पोहोचत नाही. आणि रस्सा किती वेळ तापला, याचा कुठे हिशेबच नव्हता. त्यांनी बूच सोडूनच दिले. कुप्यांत वेगवेगळ्या वनस्पतींचे काढे भरून त्यांच्या माना ज्योतीवर वितळवल्या आणि काच काचेलाच जोडून टाकली. अशा १९ कुप्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवल्या. काही दिवसांनी माना फोडून पाहिले, तर एकाही कुपीत जीव नव्हता. १७६५ मध्ये मोडेनाला छापलेल्या या निबंधाच्या शीर्षकातच नीडम आणि ब्युफाँ यांची नावे होती.

नीडम गप्प बसले नाहीत. निबंधाचे फ्रेंच भाषांतर १७६९ मध्ये निघाले, त्यालाच त्यांनी आपल्या टिपा जोडल्या. त्यांचे आक्षेप दोन होते. तासभर उकळून स्पालान्झानी यांनी काढ्यांचा इतका छळ केला, की त्यांतली वानस्पतिक शक्तीच मेली. शिवाय कुपीत कोंडलेल्या हवेची लवचिकता उष्णतेने बिघडली, आणि अशा हवेत जीव निपजणे शक्य नाही. दोन्ही आक्षेप आज विचित्र वाटतात, पण दुसरा तरी साधा नव्हता. कुपीचे तोंड वितळवताना आतली हवा तापून विरळ होते आणि बाहेर निसटते, ही गोष्ट खरीच होती; कुपी फोडताना बाहेरची हवा आत घुसल्याचा आवाज येई.

उत्तर द्यायला स्पालान्झानी यांनी काही वर्षे घेतली. १७७६ च्या ‘प्राणी व वनस्पतींच्या भौतिकीवरील लघुग्रंथ’ या दोन खंडांत हे उत्तर आहे आणि प्रयोगशास्त्राचा नमुना म्हणून ते आजही वाचावे असे आहे. वानस्पतिक शक्ती उकळून मरत असेल, तर जास्त उकळलेल्या काढ्यात कमी जीव दिसायला हवेत. त्यांनी एकाच जातीच्या बियांचे काढे अर्धा तास, एक तास, दीड तास आणि दोन तास उकळले आणि सैल बुचे लावून ठेवले. आठ दिवसांनी दोन तास उकळलेल्या काढ्यांतही जीवांची गर्दी होती. जास्त उकळल्याने ती घटली नव्हती. मग त्यांनी बिया भाजल्या, अगदी कोळसा होईपर्यंत भाजल्या. त्या कोळशाच्या उघड्या काढ्यातही जीव आले. म्हणजे बीमध्ये अशी कोणती शक्ती असेलच, तर ती आगीतही मरत नव्हती. जीव बाहेरून हवेबरोबर येत होते हेच सोपे उत्तर होते. हवेच्या आक्षेपासाठी त्यांनी कुपीची मान आधीच ओढून केसासारखी बारीक केली. असे तोंड क्षणात बंद होते, त्यामुळे आतली हवा तापून निसटायला वेळ मिळत नाही.

याच कामात आणखी एक निष्कर्ष होता. त्याचे महत्त्व कळायला शंभर वर्षे लागली. सगळे सूक्ष्म जीव उष्णतेला सारखे बळी पडत नव्हते. आकाराने मोठे जीव अगदी थोड्या उकळीत मरत. सर्वांत लहान जीव, म्हणजे आजच्या भाषेत जीवाणू, मात्र बंद कुपी अर्धा तास उकळली तरी काही वेळा पुन्हा दिसत. स्पालान्झानी यांनी याचे श्रेय त्या जीवांच्या टिकाऊ ‘बीजांना’ दिले. काही सूक्ष्म जीव हवा काढून घेतलेल्या पात्रातही दिवसेंदिवस जगतात, हेही त्यांनी नोंदवले. हवेवाचून जगणारे जीव असू शकतात, ही कल्पना त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. एका जीवाला थेंबात एकटे ठेवून तो मधोमध आकसतो, दोन होतो आणि मग दोनांचे चार होतात, हे त्यांनी पाहिले. विभाजनाची गोष्ट होरास-बेनेदिक्त द सोस्युर यांनी आधी मांडली होती. दोन जीव एकमेकांवर आदळल्याने तसे भासते, असा तिच्यावर आक्षेप होता. एकट्या जीवावरच्या निरीक्षणाने तो आक्षेप संपला. छपराच्या पन्हाळीतल्या वाळलेल्या वाळूत निपचित पडलेले आणि पाणी मिळताच हालचाल करू लागणारे प्राणीही याच ग्रंथात येतात. त्यांतल्या एका सावकाश चालणाऱ्या प्राण्याला त्यांनी दिलेले ‘टार्डिग्रेड’ हे नाव आजही चालते.

दरम्यान १७६९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसा यांच्या कारभाराखालील पाव्हिया विद्यापीठाने त्यांना निसर्गविज्ञानाच्या अध्यासनावर बोलावले होते. तिथे वस्तुसंग्रहालय उभे करण्याचीही जबाबदारी होती. उन्हाळ्याची सुट्टी मात्र ते स्कान्दियानोच्या घरी काढत आणि बरेच प्रयोग तिथेच होत. पाव्हियाला येण्याआधीच्या वर्षी त्यांनी कापलेल्या अवयवांच्या पुन्हा वाढण्यावर एक छोटे पुस्तक काढले होते. सॅलॅमँडरचे शेपूट आणि पाय, गांडुळाचे तुकडे, बेडकाच्या पिल्लाची शेपटी हे सगळे पुन्हा वाढते. गोगलगायीचे डोकेदेखील पुन्हा येते, असा त्यात दावा होता. मग युरोपभर गोगलगायींची डोकी उडवण्याची लाटच आली. व्होल्टेअर यांनीसुद्धा कात्री हाती घेतली आणि त्यावर एक गमतीदार पुस्तिका लिहिली.

बेडकांचा विषय स्पालान्झानी यांनी घेतला तो एका जुन्या अपयशी प्रयोगावरून. बेडकांत नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तसाच राहतो. मादी अंडी पाण्यात सोडते. फलन कुठे होते, शरीराच्या आत की बाहेर? लिनिअस यांचे म्हणणे होते की कोणत्याही प्राण्यात ते शरीराबाहेर होत नाही. फ्रान्समध्ये रेओम्युर आणि नोले यांनी नर बेडकांना चड्ड्या घालून पाहिल्या होत्या. नराकडून काही द्रव येत असेल तर तो कापडात सापडेल, असा बेत होता. पण त्यांच्या हाती काही लागले नाही.

स्पालान्झानी यांनी मेण चढवलेला ताफता वापरला आणि चड्ड्या अंगाला नीट बसतील अशा शिवल्या. नरांना त्याची अडचण वाटली नाही, मिठी सुटली नाही. मादीने अंडी सोडली, पण त्यांतले एकही वाढीला लागले नाही. चड्डी न घातलेल्या जोड्यांच्या अंड्यांतून नेहमीप्रमाणे पिल्ले आली. चड्ड्यांच्या आतल्या बाजूला मात्र थेंब साचले होते. त्यांतला द्रव त्यांनी वांझ ठरू पाहणाऱ्या अंड्यांना लावला, आणि ती अंडी वाढू लागली. फलन शरीराबाहेर होते आणि त्यासाठी अंड्याला वीर्याचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, हे एकाच प्रयोगात सिद्ध झाले. अठराव्या शतकातल्या प्रयोगांमध्ये इतक्या थोडक्यात इतके सांगणारा दुसरा प्रयोग शोधावा लागेल.

तिथून पुढची पायरी स्वाभाविक होती: नराला बाजूला ठेवून वीर्य काढायचे आणि माणसाच्या हाताने अंड्यांना लावायचे. बेडूक, भेक आणि सॅलॅमँडर या सर्वांत हे जमले. रेशमाच्या पतंगांतही जमले, आणि ज्या लोम्बार्दीत रेशीम हा मोठा धंदा होता तिथे या गोष्टीला विशेष अर्थ होता. बेडकाचे वीर्य भेकाच्या अंड्यांना लावून संकर करण्याचे प्रयत्न मात्र फसले. या प्रयोगांची हकिगत १७८० च्या ‘प्राणी व वनस्पती भौतिकीवरील प्रबंध’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात येते. वीर्य पाण्यात किती विरळ केले तरी चालते, याचे त्यांनी पद्धतशीर मोजमाप केले; जेमतेम ३ ग्रेन वीर्य १८ औंस पाण्यात मिसळले तरी त्या पाण्याने अंडी फळत. उष्णतेने वीर्याची शक्ती लवकर जाते आणि थंडीत ती जास्त टिकते, हेही दिसले. बर्फात गार केलेले शुक्राणू निश्चल होतात आणि ऊब मिळताच पुन्हा हलू लागतात, ही त्यांची नोंद १७७६ ची आहे.

त्या वेळी अनेकांचा विश्वास ‘वीर्याच्या वाफे’वर होता. वीर्यातून काहीतरी सूक्ष्म, वायुरूप निघते आणि तेच अंड्याला चेतवते, अशी ही कल्पना. तिची परीक्षा अगदी साधी होती. एका काचेच्या वाटीत भेकाचे वीर्य ठेवले; दुसऱ्या वाटीला अंडी चिकटवून ती पहिलीवर पालथी घातली. काही तासांत वाफ चढून अंड्यांवर दंव जमले, पण एकही अंडे वाढले नाही. वाफेनंतर उरलेल्या वीर्याचा थेंब त्याच अंड्यांना लावताच ती वाढली. वाफेचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला.

यानंतरचा प्रयोग इतिहासकारांना सर्वांत कोड्यात टाकतो. पाण्यात मिसळलेले वीर्य स्पालान्झानी यांनी कापूस, चिंध्या आणि मग टिपकागद यांतून गाळले. टिपकागदाचे पदर वाढवत गेल्यावर गाळलेल्या पाण्याची फलनशक्ती कमी होत गेली आणि शेवटी पूर्ण नाहीशी झाली. कागदावर उरलेला गाळ पाण्यात झटकला, तर त्या पाण्याने अंडी फळली. म्हणजे फळवणारी गोष्ट कागदातून न जाणारी, घन होती. वीर्यात कागदातून न जाणारे काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. ब्युफाँ यांच्याविरुद्ध, शुक्राणू खरोखरचे जिवंत प्राणी आहेत, हे त्यांनीच ठासून सांगितले होते.

आणि तरीही त्यांनी शुक्राणूंना निर्दोष ठरवले. भेकाच्या वीर्याचे काही थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते, त्यांत त्यांना एकही प्राणी दिसला नव्हता, आणि त्या थेंबांनी अंडी मात्र फळवली होती. या एका निरीक्षणावर त्यांनी एवढा भार टाकला की गाळणीचा प्रयोग त्याखाली दबला. फलन वीर्याच्या दाट द्रवाने होते, शुक्राणू हे वीर्यात राहणारे परोपजीवी आहेत, असे त्यांचे अंतिम मत झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले नाही ते नाहीच, असे मानण्याची चूक ते नीडम यांना कधीही माफ करणार नव्हते.

यामागे पूर्वरचनावाद होता, हे प्रबंधातच स्पष्ट दिसते. फळलेले आणि न फळलेले बेडकाचे अंडे शेजारी ठेवले तर सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. त्यावरून स्पालान्झानी असा तर्क करतात: फळलेले अंडे म्हणजे बेडकाचे पिल्लू, म्हणून न फळलेलेही पिल्लूच. पिल्लू आईच्या शरीरात वीर्य येण्याआधीपासून असते. वीर्य केवळ त्याच्या हृदयाला डिवचून चालू करते. असे असेल तर नराच्या बाजूने अख्खा जिवंत प्राणी अंड्यापर्यंत येण्याचे कारणच उरत नाही, एखादा उत्तेजक द्रव पुरेसा आहे. या मताच्या पुष्टीसाठी ते वनस्पतींकडेही वळले. भांग आणि पालक यांची मादी झाडे वेगळी ठेवूनही त्यांना बिया धरतात, म्हणून परागांची गरज नसते, असे त्यांनी लिहिले. मादी झाडांवर अधूनमधून नरफुले येतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली होती. जीव नव्याने घडत नाही ही श्रद्धा कुप्यांच्या बाबतीत प्रयोगाशी जुळली. अंड्यांच्या बाबतीत जुळत नव्हती, तिथे त्यांनी प्रयोगालाच वळवून घेतले.

प्रबंधातला सर्वांत गाजलेला भाग कुत्रीचा. आधी एकदा व्यालेली मध्यम आकाराची एक कुत्री त्यांनी घरात कोंडून ठेवली. खाणेपिणे ते स्वतः देत आणि किल्ली स्वतःजवळ ठेवत. ती माजावर आल्याची लक्षणे स्पष्ट झाल्यावर एका कुत्र्याचे १९ ग्रेन वीर्य शरीराइतक्या उबेला आणलेल्या पिचकारीतून तिच्या गर्भाशयात सोडण्यात आले. त्यानंतर ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली, दोन नर आणि एक मादी. रंगरूपात ती आईवर आणि वीर्य देणाऱ्या कुत्र्यावरही गेली होती. सस्तन प्राण्यातले हे नोंदवलेले पहिले कृत्रिम रेतन. निसर्गविज्ञानाच्या अभ्यासात इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता, असे स्पालान्झानी यांनी लिहून ठेवले आहे. पिल्लांच्या रंगरूपात बाप कसा उतरला, हे पूर्वरचनावादाला न सुटणारे कोडे होते. त्यावर ते फारसे थांबले नाहीत. १७८२ मध्ये पिसाचे पिएत्रो रोस्सी यांनी हाच प्रयोग यशस्वी करून दाखवला, आणि या शोधाचा उपयोग पुढे मानवजातीतही होईल असे बॉने यांनी स्पालान्झानी यांना लिहिले. शतक संपण्याआधीच लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी एका जोडप्याच्या बाबतीत तसे केलेही.

प्रसिद्धीबरोबर वैरही आले. स्पालान्झानी १७८५ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या प्रवासाला गेले असताना पाव्हियातल्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्यावर वस्तुसंग्रहालयातले नमुने चोरून घरी नेल्याचा आरोप केला. आरोप करणारे कॅनन सेराफिनो व्होल्टा. विद्युतघटाचे अलेस्सान्द्रो व्होल्टा ते वेगळे. त्यांच्या पाठीशी वनस्पतिशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कोपोली आणि शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो स्कार्पा होते. चौकशी झाली आणि १७८७ मध्ये सम्राटाच्या आदेशाने स्पालान्झानी निर्दोष ठरले. मग सूड. त्यांनी कोंबडीच्या शरीरातल्या नळ्यांची कारागिरी करून एक ‘नवा आतड्यातला कृमी’ बनवला आणि तो दुसऱ्याच्या हातून स्कोपोलींकडे पोहोचवला. स्कोपोलींनी त्याला ‘फायसिस इंटेस्टिनॅलिस’ असे नाव देऊन आपल्या ग्रंथात नवी जात म्हणून छापले. पाठोपाठ टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांतून स्पालान्झानी यांनी सगळा बनाव उघड केला. हे प्रकरण वाचताना सहानुभूती कोणाला द्यावी हे ठरत नाही. स्कोपोली दुसऱ्याच वर्षी वारले.

बाकीचे काम इथे धावतेच पाहता येईल. अन्नाने भरलेल्या तागाच्या पिशव्या आणि लाकडी नळ्या स्वतः गिळून त्यांनी जठररसाने अन्न विरघळते हे दाखवले. व्हेसुव्हियस, एटना आणि स्त्रोंबोली या ज्वालामुखींवर ते पन्नाशी उलटल्यावर चढले. आंधळे केलेले वटवाघूळ अंधारात निर्धास्त उडते, कान बंद केल्यास मात्र अडखळते, हे लुई ज्युरीन यांच्या प्रयोगांच्या साहाय्याने त्यांना कळले. त्यामागचा अतिध्वनी १९३० च्या दशकाअखेरीस डोनाल्ड ग्रिफिन यांच्या कामातून कळू लागला. श्वसनावरचे त्यांचे टिपण मृत्यूनंतर १८०३ मध्ये जिनिव्हात निघाले. फेब्रुवारी १७९९ मध्ये पाव्हियात त्यांचा अंत झाला. शेवटच्या आजाराचे कारण ठरलेले त्यांचे मूत्राशय विद्यापीठाच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलेले आहे.

बंद कुप्यांचा पहिला मोठा उपयोग शास्त्रज्ञांआधी मिठाईवाल्याने केला. निकोला आपेर यांनी बाटल्यांत अन्न बंद करून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत बसवली. फ्रेंच सरकारने त्यांना १२,००० फ्रँक दिले आणि १८१० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. डबाबंद अन्नाचा सगळा धंदा तिथून सुरू होतो. गंमत अशी की रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांना त्या बाटल्यांतल्या हवेत ऑक्सिजन सापडला नाही, आणि नीडम यांच्या हवेच्या आक्षेपाला पुन्हा जीव आला. त्याचे निरसन करायला थिओडोर श्वान यांना १८३७ मध्ये तापवलेली हवा काढ्यात सोडावी लागली आणि १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांना हंसाच्या मानेसारख्या नळ्यांच्या कुप्या बनवाव्या लागल्या. तरी कधीकधी गवताचा काढा उकळूनही नासत होता. त्याचे कारण फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये दाखवले: काही जीवाणू उष्णतेला दाद न देणारे बीजाणू तयार करतात. स्पालान्झानी यांच्या ‘टिकाऊ बीजां’ची गोष्ट शंभर वर्षांनी खरी ठरली.

गाळणीच्या प्रयोगाला त्या मानाने लवकर न्याय मिळाला. १८२४ मध्ये जिनिव्हाचे प्रेव्हो आणि त्यांचे सहकारी द्युमा यांनी तो पुन्हा केला, गाळात शुक्राणू मोजले आणि ते अंडी फळवण्यास आवश्यक असल्याचे म्हटले. शुक्राणूचे केंद्रक अंड्याच्या केंद्रकाशी एकरूप होते, हे ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री अर्चिनमध्ये पाहिले आणि प्रसिद्ध केले. तेही वर्ष १८७६ च होते.

कृत्रिम रेतन मात्र शंभर वर्षे कुतूहलाचीच बाब राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इल्या इव्हानोव्ह यांनी घोड्यांवर ते मोठ्या प्रमाणावर वापरले. १९४९ मध्ये लंडनजवळ पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉल वापरून शुक्राणू गोठवता आले, आणि बर्फातल्या शुक्राणूंची जुनी नोंद धंद्याच्या उपयोगी आली. भारतात पहिले कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाले. महाराष्ट्रात ही गोष्ट खेडोपाडी नेण्याचे मोठे काम मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचन इथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने केले. गोठवलेले वीर्य घेऊन कार्यकर्ता शेतकऱ्याच्या गोठ्यात येतो आणि माजावर आलेली गाय तिथेच भरवली जाते, ही आज अनेक गावांतली नेहमीची गोष्ट आहे.

स्पालान्झानी यांचा खासगी संग्रह मृत्यूनंतर रेज्जो शहराने विकत घेतला. तो तिथल्या संग्रहालयात आहे. इटलीत त्यांच्या नावाच्या दोन संस्था विशेष प्रसिद्ध आहेत. एक मिलानमध्ये पशूंच्या कृत्रिम रेतनासाठी स्थापन झालेली प्रायोगिक संस्था. दुसरी, रोममधले १९३६ मध्ये सुरू झालेले संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय. २०२० च्या जानेवारीअखेरीस इटलीतले करोनाचे पहिले दोन रुग्ण तिथेच दाखल झाले होते.